आई-बाबांचा मेडिक्लेम काढावा का सरकारी दवाखान्यावर भागवावं? (मराठवाड्यातल्यांनी जरूर लिहा)

पूर्णाकाठचा:
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय, लांबलं तर समजून घ्या. मी चाकणला नोकरीला, आई-बाबा गावाकडं, परभणी जिल्हा, जिंतूर तालुका. बाबा ६४, शुगर अन बीपी दोन्ही. आई ५८, तिला गुडघ्याशिवाय दुसरं काही नाही. आतापर्यंत कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत दोघं बी होते. या एप्रिलला एचआरचा मेल आला की पालकांचं कव्हर बंद, पाहिजे असेल तर स्वतःच्या पैशानं घ्या. एजंटनं दोघांचं मिळून पाच लाखाचं कोटेशन दिलं ते वर्षाला ६१ हजार, त्यात बाबांच्या शुगरला तीन वर्षं वेटिंग, म्हणजे तोवर त्याचा क्लेम नाही, आणि वर २० टक्के को-पे, म्हणजे बिलातला तेवढा वाटा आपलाच.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, एवढ्या पैशात आपल्या सगळ्या सोयाबीनचं बी-खत निघून फवारणीला उरतील. केशरी कार्ड हाय, पाच लाखाची योजना हाय, सरकारी दवाखाना हाय, कामून कंपनीच्या घशात घालायलास?

पटतं बी अन भीती बी वाटते. फेब्रुवारीत रात्री दीड वाजता त्यांच्या छातीत दुखायला लागलं. शेजारच्या पोरानं जीप काढली, तालुक्याला नेलं, तिथून परभणीला. शेवटी पित्ताचं निघालं, पण मी इकडं पहाटे साडेपाचपर्यंत फोन हातात धरून बसलो होतो. तेव्हा कंपनीचं कार्ड चालू होतं, आणि त्या चार तासांत त्याचा काहीच उपयोग झाला नाही हे मला नंतर कळलं.

तर एक, मी काय करू? दुसरं, सरकारनं आपल्याला विम्याचं कार्ड द्यावं का चांगला दवाखाना द्यावा? दोन्ही द्यावं म्हणणं सोपं आहे, पण पैसा एकच असेल तर आधी कशात घालावा?

लातूरकर_९३:
घेऊन टाका भाऊ. ६४ चं वय आहे, पुढच्या वर्षी ६१ चे ७० होतील.

हिशेबनीस:
पूर्णाकाठचा, मी नांदेडला बारा वर्षं विम्याच्याच धंद्यात आहे, पण कोणाला काही विकायला आलो नाही. तुमच्या एजंटनं जे वेटिंग सांगितलं ते नियमातच आहे, आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त ३६ महिने लावता येतं, एप्रिल २०२४ च्या आधी ते ४८ होतं. आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, कोटेशनमध्ये तो लावला नाही ना एवढं बघा.

महत्त्वाचं म्हणजे शुगर लपवू नका. आपल्याकडं सगळ्यात जास्त क्लेम इथंच फसतात. एजंट म्हणतो लिहायचं काम नाही, अन दोन वर्षांनी डिस्चार्ज कार्डावर डॉक्टर लिहितो 'के/सी/ओ डीएम सिन्स टेन इयर्स', म्हणजे दहा वर्षांपासून शुगर, झालं, कंपनीच्या हातात कागद सापडला. पाच वर्षं सलग हप्ते भरल्यावर मात्र फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला जुन्या माहितीवरून क्लेम नाकारता येत नाही.

दुसरं, रूम रेंटची अट वाचा. दिवसाला पाच हजाराची मर्यादा असेल अन तुम्ही दहा हजाराची खोली घेतली तर नुसतं खोलीचं निम्मं कापत नाहीत, ऑपरेशन, डॉक्टरची फी यांनाही त्याच प्रमाणात कात्री लागते. माणसं दवाखान्यात बिल हातात आल्यावर भांडतात, तेव्हा उशीर झालेला असतो.

माजी_आरोग्यमित्र:
साडेचार वर्षं एका खासगी दवाखान्यात योजनेच्या काउंटरवर बसलोय म्हणून लिहायलो. दादा, तुमचे बाबा म्हणतात ती योजना खरी आहे आणि कामाची आहे. २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आपला नांदेड त्यात होता. २०१७ ला नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाख होते, आता पाच लाख, आणि जुलै २०२४ पासून पिवळं-केशरी-पांढरं कोणतंही रेशनकार्ड चालतं. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना तर सातबारा दाखवून त्याआधीपासूनच होतं, खूप जणांना माहीत नव्हतं.

आता यात काय नाही ते ऐका. ओपीडी नाही, रोजच्या शुगर-बीपीच्या गोळ्या नाहीत. भरती व्हावं लागतं आणि उपचार यादीतला लागतो, उपचारांची ठरलेली यादी आहे. दवाखाना योजनेत आहे म्हणून त्याचा प्रत्येक विभाग योजनेत असतो असंही नाही. हाडाचं असेल पण हृदयाचं नसेल. काही ऑपरेशनं तर फक्त सरकारी दवाखान्यालाच राखीव आहेत.

गेल्या गेल्या कॅश काउंटरला जाऊ नका, आधी आरोग्यमित्राचं टेबल विचारा. एकदा डिपॉझिट भरून कॅश पेशंट म्हणून फाईल निघाली की ती योजनेत वळवायला लई त्रास होतो. इमर्जन्सी असेल अन कागद घरी राहिले असतील तर फोनवरून कळवून भरती करता येते, कागद मागून आणता येतात. अडवलं तर १५५३८८ वर तक्रार करा.

आणि एक सांगतो, पोटात ठेवत नाही. मी जिथं होतो तिथं महिन्याच्या शेवटी 'योजनेचे बेड भरले' असं सांगायला लावायचे. वरच्या मजल्यावर खाटा रिकाम्या असायच्या. समोर शेतकरी माणूस, डोक्याचा पंचा हातात घेऊन उभा असायचा आणि मला नाही म्हणावं लागायचं. म्हणून सोडलं ते काम.

सिस्टर_हिंगोली:
आरोग्यमित्र दादा, शेवटचं वाचून वाईट वाटलं, पण लिहिलंत हे बरं केलं.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात स्टाफ नर्स आहे, नोकरीला १७ वर्षं झाली. धाग्यात एवढं कार्ड-कार्ड चाललंय म्हणून मागच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. सोयाबीन निंदायला गेलेल्या बाईला घोणस चावली. नवरा बँकेत शिपाई, त्याच्या खिशात मेडिक्लेमचं कार्ड होतं, म्हणून त्यानं आधी मोटारसायकल खासगी दवाखान्याकडं घातली. तिथं सापाचं इंजेक्शनच नव्हतं. मग आमच्याकडं आले तोवर सव्वा तास गेला होता, पाय पोटरीपर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त यायलेलं.

आम्ही काय केलं ते सांगते, म्हणजे कळंल की याला फार मोठी मशिनरी लागत नाही. काचेच्या कोरड्या ट्यूबमध्ये दोन मिली रक्त घेतलं अन वीस मिनिटं ट्यूबला हात लावला नाही. तिरपी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, म्हणजे गोठायचं बंद झालेलं. तसंही हिरड्या बघूनच डॉक्टरांनी तयारी सुरू करायला लावली होती. सापाच्या इंजेक्शनच्या दहा व्हायल, म्हणजे छोट्या बाटल्या, काढल्या. पावडर असते ती, पाणी घालून व्हायल जोरात हलवायची नाही, फेस येतो, हातावर हळूहळू फिरवायची. मी आणि आशाताई दोघी समोरासमोर बसून फिरवत होतो, बाजूला रिअ‍ॅक्शन आली तर म्हणून अ‍ॅड्रेनलिन भरून ठेवलेलं. सलाईनमधून तासाभरात सगळं गेलं. मग १०८ नं जिल्ह्याला पाठवली. पंधरा दिवसांनी बाई चालत केंद्रात आली, पदराखाली झाकून भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या.

एक रुपया लागला नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या पीएचसी, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालयात सगळे उपचार मोफतच आहेत. मेडिकल कॉलेजचे दवाखाने त्यात नाहीत, ते वेगळ्या खात्याकडं येतात, तिथं थोडे पैसे लागतात.

आता सांगा, त्या बाईच्या नवऱ्याचं कार्ड काय चावलेल्या पायाला बांधायचं होतं?

लातूरकर_९३:
सिस्टर _/\_

गुत्तेदार_उदगीर:
सिस्टर तुमच्याबद्दल आदर आहे पण तुमच्यासारखे किती? माझ्या चुलत्याला घेऊन मी एका मोठ्या सरकारी दवाखान्यात नऊ दिवस काढलेत, नाव घेत नाही. एका खाटेवर दोन पेशंट, एकाचं डोकं इकडं अन एकाचं तिकडं. सकाळी राऊंड झाला की हातात चिठ्ठी, 'हे बाहेरून आणा'. ग्लोव्हज बाहेरून, कॅथेटर बाहेरून, एकदा तर सुई बी बाहेरून. एमआरआयची तारीख सात आठवड्यांनंतरची. स्ट्रेचर ढकलायला माणूस नाही, मी अन माझा भाऊच ढकलायचो. मोफत मोफत म्हणता, आमचे २३ हजार गेले त्या मोफतमध्ये.

आणि २०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडला काय झालं ते सगळ्या देशानं पाहिलं. सरकारी दवाखान्यात २४ तासांत २४ माणसं गेली, त्यात १२ नुकती जन्मलेली लेकरं. ज्याला परवडतं त्यानं विमा काढावा आणि खासगीत जावं, मला यात काही चूक वाटत नाही.

३६_तासांची_ड्युटी:
मी मराठवाड्यातल्याच एका सरकारी कॉलेजात मेडिसिनचा निवासी डॉक्टर आहे. गुत्तेदार साहेब, तुम्ही लिहिलंय त्यातलं एकही वाक्य मी खोडणार नाही. एका खाटेवर दोन पेशंट असतात, माझ्या वॉर्डात खाली गादी टाकून तिसराही असतो. पण नाही म्हणायची मला परवानगी नाही आणि मला म्हणायचंही नाही. खासगीत ३० खाटा भरल्या की ३१ व्याला दार बंद होतं. आमचं दार बंदच होत नाही.

अजून एक गोष्ट बाहेरच्यांना दिसत नाही. रात्री दोन-अडीचला अँब्युलन्स येते, आत व्हेंटिलेटरवरचा पेशंट, सोबत खासगी दवाखान्याची चिठ्ठी, 'फॉर फर्दर मॅनेजमेंट', म्हणजे पुढचं तुम्ही बघा. नातेवाइकांना विचारलं की कळतं, आठ दिवस झाले, चार लाख झाले, विम्याची मर्यादा संपली, जमीन ठेवायची तयारी होती पण घेणारा मिळाला नाही. तो माणूस आमच्याकडं पहाटे जातो. मृत्यू लिहिला जातो आमच्या रजिस्टरला. मला खासगीतल्या डॉक्टरांवर राग नाही, माझे मित्र आहेत तिथं. पण दोन्हीकडचे मृत्यू मोजून तुलना करता तेव्हा कोण कुठून कोणत्या दिवशी आला तेही मोजा.

बाहेरच्या चिठ्ठीबद्दल, ती चिठ्ठी लिहिताना आमची मान खाली असते. औषध खरेदी आमच्या हातात नाही.

गोदाकाठ:
डॉक्टर, सिस्टर, आरोग्यमित्र, विमावाले, सगळे जमले धाग्यावर. आता केसपेपरची खिडकी उघडा, मी नंबर लावतो :)

चिकलठाणा_सेकंड_शिफ्ट:
कोणी ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, बोललंच नाही म्हणून लिहितो. ही तर धड सरकारी नाही अन धड खासगी विमा नाही, मधलीच. पगाराच्या पाऊण टक्का आपला कापतात, सव्वातीन टक्के मालक भरतो. बायकोची पहिली डिलिव्हरी सिझर झाली, लेकरू काचेत ठेवावं लागलं, खिशातून गेले फक्त रिक्षाचे. वेटिंग नाही, को-पे नाही, आधीचा आजार आहे का कोणी विचारत नाही.

नंतर पगार २१ हजाराच्या वर गेला. त्या दिवशी पेढे वाटले. चालू हप्त्याची मुदत संपली अन ईएसआयमधून बाहेर. आता कंपनीची दोन लाखाची पॉलिसी आहे, आईला त्यात घेत नाहीत, ईएसआयमध्ये माझ्यावर अवलंबून म्हणून तिची औषधं चालू होती. पगार वाढला दीड हजारानं, आईची औषधंच महिन्याला अठराशेची. पूर्णाकाठचा भाऊ, तुमच्या एचआरच्या मेलसारखंच झालं हे. नोकरीला बांधलेलं संरक्षण नोकरीतल्या एका कागदानं जातं.

अंबडकर_न्यूजर्सी:
चिकलठाणा, तुझं शेवटचं वाक्य इथं अमेरिकेत येऊन बघ. मी मूळचा अंबडचा, इथं १४ वर्षं. इथला विमा नोकरीलाच बांधलेला. उपचार अत्यंत चांगले, खोटं बोलणार नाही, मुलाचा हात मोडला तर २० मिनिटांत एक्स-रे, दुसऱ्या दिवशी स्पेशालिस्ट. पण विमा असूनही वर्षाला पहिले तीन हजार डॉलर आपलेच, त्याला डिडक्टिबल म्हणतात, त्यामुळं त्या हाताचं जवळजवळ सगळं बिल मीच भरलं. दर वेळी हा डॉक्टर नेटवर्कमध्ये आहे का ते तपासा. २०२३ ला माझी नोकरी गेली, तेव्हा जुनाच विमा चालू ठेवायचा तर महिन्याला १,९०० डॉलर, कारण कंपनीचा वाटाही आता मीच भरायचा. पगार शून्य. चार महिने पोरांना सायकल चालवू दिली नाही, खरं सांगतो.

१९६५ पासून म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड सरकारी आहेत, म्हणजे इथंही जिथं विमा कंपन्यांना परवडत नाही तिथं सरकारच उभं आहे. तरी हा देश आरोग्यावर जीडीपीच्या १७-१८ टक्क्यांच्या आसपास खर्च करतो.

लेस्टरची_लेक:
मी वसमतची, इंग्लंडात लेस्टरला सात वर्षं. इथं उलटं. एनएचएस म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, ५ जुलै १९४८ पासून, करातून चालते. माझं बाळंतपण इथं झालं, शेवटपर्यंत मला बिल कुठं भरायचं ते शोधायची सवय गेली नव्हती. बाळाला घेऊन घरी आल्यावर मिडवाइफ घरी यायची, बाळाचं वजन करायची, मला जेवलीस का विचारायची. सासर-माहेर दूर होतं, मला रडू आलं होतं.

फुकट नाही हे मात्र लिहिते. कर जातोच, शिवाय व्हिसावर असेपर्यंत आरोग्याचा वेगळा अधिभार, तो आता मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आहे. औषधाच्या चिठ्ठीला इंग्लंडमध्ये दर औषधामागं ९.९० पौंड. आणि वाट बघणं. सकाळी आठला जीपीला, म्हणजे भागातल्या नेहमीच्या डॉक्टरला, फोन लावायचा, रांगेत सव्वीसावा नंबर. नवऱ्याच्या गुडघ्याला स्पेशालिस्टची १८ आठवड्यांची मुदत सांगितली होती, अकरा महिने लागले, रोज वेदनाशामक गोळ्या. पण अंबडकर काका, नोकरी गेली म्हणून पोराची सायकल बंद करायची वेळ इथं कोणावर येत नाही. मला विचाराल तर मी अकरा महिने थांबेन.

हिशेबनीस:
ताई, अकरा महिने गुडघ्याला ठीक आहे. कॅन्सरला? माझ्या एका क्लायंटला तोंडाचा कॅन्सर निघाला, विमा होता म्हणून आठव्या दिवशी हैदराबादला ऑपरेशन. सरकारी तारखेची वाट बघत बसला असता तर आज नसता.

लेस्टरची_लेक:
कॅन्सरचा संशय असला तर इथं वेगळ्या, तातडीच्या रांगेत घालतात. पण कधी कधी तिथंही उशीर होतो, हे मान्य.

बालाघाटचा:
मी बीड जिल्ह्यातला, वडवणीकडचा. पैसे देऊन खासगीत गेलं की माणूस सुटला असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या भागातल्या ऊसतोड बायकांना विचारावं. माझी मावशी ३१ वर्षांची असताना तिची गर्भाशयाची पिशवी काढली. अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची, बस्स. डॉक्टर म्हणाला काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. मुकादमाकडून उचल घेतली, ३० हजार भरले. फडात एक दिवस खाडा पडला तर पाचशे रुपये कापतात, त्यामुळं महिन्याची पाळीच नको असं बायांना बी वाटायचं, अन डॉक्टरला ते माहीत होतं.

ती एकटी नव्हती. २०१९ ला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. नंतर नियम झाला की जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगीत हे ऑपरेशन करायचं नाही. मावशी आता ४४ ची आहे, जिना चढताना दोनदा बसते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तेव्हा बाईमाणसाची डॉक्टर असती तर गोळ्यांवर भागलं असतं.

हिशेबनीस:
बालाघाट, फार वाईट. पण हे रोख पैशाचं प्रकरण आहे, विम्याचं नाही. विम्यात कंपनीचा डॉक्टर विचारतो की हे ऑपरेशन कशाला पाहिजे.

बालाघाटचा:
विचारतो, पण कागद बघून विचारतो. कागद कोण लिहितं? ज्याला ऑपरेशनचे पैसे मिळणारेत तोच ना सर? पैसे मावशीच्या उचलीतून येवोत का कंपनीकडून का योजनेतून, एका ऑपरेशनमागं एवढे असं ठरलं की ऑपरेशनं वाढतात. पगारी डॉक्टरला पिशवी काढली काय अन राहिली काय, महिन्याला तेवढेच.

माजी_आरोग्यमित्र:
बालाघाट भाऊ म्हणतात ते योजनेलाही लागू आहे. सरकारी योजना म्हणतो आपण, पण बरीच वर्षं तिची बांधणी विम्याचीच होती, सरकारनं कुटुंबामागं हप्ता विमा कंपनीला भरायचा, कंपनीनं दवाखान्याला. पैसा जनतेचा, उपचार बहुतेक खासगीत. त्याच पैशातून सरकारी दवाखान्यालाही क्लेम मिळतात आणि ज्यांनी ते नीट वापरले त्यांनी यंत्रं घेतली, हेही खरं.

मंडळ_संपादक:
दोन प्रतिसादांतली पक्षांची नावं काढली आहेत. धागा चांगला चाललाय, दवाखान्यांवरच राहू द्या.

मास्तर_भोकरदन:
सगळं वाचलं. माझं वय ७३, त्यामुळं थोडं मागचं सांगतो.

आमच्या लहानपणी उन्हाळ्यात घराघरात विंचू. लाल विंचू चावला की दरदरून घाम, मग दम लागायचा, तोंडाला फेस, अन सकाळपर्यंत पोर जायचं. मांत्रिक, मुळी, सगळं करून बघायचे. त्यावर उपाय कोणी शोधला? आमच्याच भोकरदन तालुक्यातल्या देहेडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. आणि कुठं? कोकणात महाडकडं, सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करताना, पेशंटच्या खाटेशेजारी रात्रभर बसून नोंदी करून. प्राझोसिन नावाची बीपीची स्वस्त गोळी त्यांनी वापरून दाखवली. त्याआधी विंचवानं दवाखान्यात आलेल्यांतले शंभरातले ४० च्या आसपास दगावायचे, ते एकावर आले. २०२२ ला पद्मश्री मिळाली. कट प्रॅक्टिसविरुद्ध, म्हणजे पेशंट पाठवल्याच्या कमिशनविरुद्धही, तेच उभे राहिले, तपासणी केंद्रानं कमिशनचा चेक धाडला तर घेऊन गप्प बसले नाहीत, तक्रार केली. तो शोध कोण्या विम्यातून आला नाही. सरकारी पगारावर एक माणूस त्या खाटेपाशी होता म्हणून आला.

दुसरं जामखेड. जिल्हा नगरचा, पण आष्टी-पाटोद्याच्या शिवेला लागून. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे या जोडप्यानं १९७० ला तिथं काम सुरू केलं, गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायांना शिकवून आरोग्यसेविका केलं. मोठा दवाखाना न बांधता गावातली बाळं जगायला लागली. १९७९ ला मॅगसेसे मिळालं.

आता हिशेब. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटलं होतं की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च जीडीपीच्या अडीच टक्के करू. २०२१-२२ चा अधिकृत आकडा १.८४ टक्के. एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या स्वतःच्या खिशातून जाणारा वाटा मात्र २०१३-१४ ला ६४.२ टक्के होता तो २०२१-२२ ला ३९.४ वर आला, हे चांगलं झालं, नोंद घ्यावी. तरी शंभरातले ३९ रुपये आजारी माणूसच भरतो. धागाकर्त्यानं विचारलंय की पैसा एकच असेल तर आधी कशात, माझं उत्तर सरळ आहे. आधी सिस्टरांच्या टेबलावर व्हायल, मग माझ्या खिशात कार्ड.

गुत्तेदार_उदगीर:
मास्तर, तुमचं पटलं. पण आजच्या घडीला पूर्णाकाठच्या भाऊंचे बाबा ६४ चे आहेत. सरकार सुधारेपर्यंत ते थांबू शकत नाहीत. परभणी, धाराशिव, हिंगोली, जालना, सगळीकडं आता सरकारी मेडिकल कॉलेज निघालंय. पाटी लागली. प्राध्यापक, नर्स, टेक्निशियन कधी भरणार?

३६_तासांची_ड्युटी:
भरती हाच खरा प्रश्न. इमारतीत पेशंट बरा होत नाही. आमच्याकडं सिटी स्कॅन मशीन आहे अन रात्री ते चालवायला एकच टेक्निशियन आहे, तो आजारी पडला की मशीन पण आजारी.

सेलूची_सून:
अजून एक राहिलं. ट्रस्टचे धर्मादाय दवाखाने असतात ना, त्यांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटला मोफत अन १० टक्के दुर्बल घटकाला सवलतीत द्याव्याच लागतात. उत्पन्नाची अट वर्षाला १ लाख ८० हजार अन ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा दाखला लागतो. माझ्या सासऱ्यांचं असंच झालं, दवाखान्यातलं कोणी आपणहून सांगितलं नाही, शेजारच्या खाटेवरच्या आजीनं सांगितलं. आणि खासगीत दरपत्रक अन रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायला पाहिजे, २०२१ पासूनचा नियम आहे. नसेल तर मागा, लाजू नका.

पूर्णाकाठचा:
सगळ्यांचे मनापासून आभार. मी मधे लिहिलं नाही कारण गावाकडं गेलो होतो, आठ दिवस रजा टाकून.

काय केलं ते लिहितो. बाबांचा विमा काढायचा ठरवलाय, पण त्या कोटेशनचा नाही. वडिलांचा एकट्याचा, आधी काही लाख आपण सोसायचे अन वरचं कंपनीनं, तसला टॉप-अप, हप्ता पंधरा हजाराच्या आत बसायलाय. खालचं योजनेवर. शुगर लिहिली, बीपी लिहिला, फेब्रुवारीतलं छातीचं बी लिहिलं. हिशेबनीस सर, तुमच्यामुळं. आईचं पुढच्या वर्षी बघू.

आरोग्यमित्र दादा, तुम्ही कागदाचं म्हणालात म्हणून रेशनकार्ड काढून बघितलं. आईचं नाव कार्डावर एक अन आधारवर एक. तीस वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. रात्री दीड वाजता काउंटरवर कळलं असतं. तहसीलला अर्ज दिलाय.

अन सिस्टर, तुमची गोष्ट मी बाबांना वाचून दाखवली. ते दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच म्हणाले, चल, आपल्या पीएचसीत काय काय हाय ते बघून येऊ. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही आजारी नसताना दवाखान्यात गेलो. डॉक्टर पोरगी बसली होती, नांदेडचीच. तिनं बाबांची शुगर तपासली, महिन्याच्या गोळ्या तिथूनच दिल्या, फुकट, ज्या आम्ही इतकी वर्षं मेडिकलमधून नऊशे रुपयाला आणायलोत. सापाच्या इंजेक्शनच्या अठरा व्हायल फ्रीजमध्ये दाखवल्या. ईसीजी मशीन आहे, पण ती म्हणाली कागदाचा रोल दोन महिन्यांपासून संपलाय, मागणी केली आहे. बाबांनी तिथंच ग्रामपंचायतीच्या सदस्याला फोन लावला.

घरी येऊन दाराच्या मागच्या भिंतीवर खडूनं १०८, १५५३८८ अन शेजारच्या पोराचा नंबर लिहिला. बाबा म्हणाले अक्षर मोठं काढ, रात्री चष्मा सापडत नाही. पुसून पुन्हा लिहिलं.

सिस्टर, त्या ईसीजीच्या रोलसाठी अर्ज नेमका कोणाच्या नावानं करायचा? ग्रामसभा २९ तारखेला आहे.

सिस्टर_हिंगोली:
रुग्ण कल्याण समितीच्या नावानं द्या, प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. सही-शिक्क्याची पोच घ्या. रोल फार महाग नसतो दादा, समितीच्या निधीतून घेता येतो. २९ ला काय झालं ते इथं लिहा.